ठिपक्याचे उपास

"लोकांच्या सुना माहेराहून लोणची-पापड आणतात. आमच्या सुनेनं पाल आणली!"

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरात शेजारच्या काकूंना सांगत होत्या. मी दाराबाहेर, हातात चहाचे कप. नव्या सुनेला घर हळूहळू कळतं म्हणतात. खोटं! एक मुका जीव घरात सोडून माहेरी जा. किस्से इतके साचतात की माळ्यावर जागा पुरत नाही.

तर, ठिपक्या पाल नाही. सॅलॅमँडर आहे, बेडकाच्या नात्यातला. काचेच्या पेटीत ओल्या शेवाळावर राहतो. गारवा गेला, कातडी वाळली की संपला. आणि आम्ही राहतो सोलापुरात. त्यात एप्रिल! चुलतभावाच्या लग्नासाठी दहा दिवस माहेरी, नातेपुत्याला निघताना मी प्रत्येकाला एकेक काम समजावून दिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

*

दुपारी पेटीच्या झाकणावर बर्फाची बाटली ठेवायची, हे सासऱ्यांकडे. अप्पा निवृत्त हेडमास्तर, शिस्तीचे. मी फोन केला.

"ठेवली होती की! मग बर्फ ताकात घातला. तो काय ताक पितो का?"

*

शेवाळावर रोज पाणी शिंपडणं आमच्या ह्यांच्याकडे.

"नळाला पाणी आलं त्या दिवशी शिंपडलं ना!"

"आणि मधले दिवस?"

"मधले दिवस आम्ही तरी कुठं अंघोळ करतोय?"

वर हसले. मी फोन ठेवला. आपटला म्हणा.

*

गांडुळांचा डबा आईंकडे. एक दिवसाआड एक द्यायचं, बस्स.

"आज सोमवार, माझा उपास. आज नाही दिलं."

पुढच्या वेळी विचारलं तर गुरुवार, अप्पांचा. मग शनिवार, ह्यांचा. मधे एकादशी, ती सगळ्यांचीच!

"अहो आई, तो उपाशी मरेल!"

"उपासानं कुणी मरत नसतं. भिजवलेला साबुदाणा ठेवलाय की. शिवत नाही, लई नखरे!"

*

लग्न लागलं आणि मी परत फोन केला. मागे कावळ्यांचा आवाज.

"गच्चीवर आलेय, कुरडया घातल्यात," आई म्हणाल्या. "त्यालाबी आणलंय."

"कुणाला?"

"तुझ्या त्या ठिपक्याला. सारखा ओला ओला दिसत होता. म्हटलं, जरा वाळू दे!"

ताटावरून उठले. मिळाली ती एसटी पकडली.

*

घरात शिरले. पेटी गच्चीवरून खाली आणून भिंतीकडेला ठेवलेली. शेवाळ कुरकुरीत. ठिपक्या तळाला चपटा पडलेला, गळ्याची कातडी तेवढी हलत होती. हॉलमध्ये सगळं घर कूलरसमोर, मधोमध अप्पांची खुर्ची.

"आलीस? लई जपलं बघ तुझ्या पोराला!" आई म्हणाल्या.

लग्न झाल्यापासून अप्पांसमोर मी 'हो' आणि 'चहा ठेवू?' एवढंच बोलले होते. माठातल्या पाण्याचा तांब्या शेवाळावर ओतला. पेटी उचलली आणि खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले.

"अप्पा, उठा. ह्याला बसायचंय."