जमुनाबाईचा टीव्ही आणि रेणूचा कंप्युटर

दवनीवाड्यात आमच्या घराला लागून जमुनाबाईचं घर. मध्ये भिंत आहे, पण नावापुरती. तिच्याकडे काय शिजतंय आणि कोण कोणावर चिडलंय, हे मला इकडे बसून कळतं. माझी बायको याला नको ती चौकशी म्हणते. मी शेजारधर्म म्हणतो.

जमुनाबाईची सून रेणू आमगावची, बारावी झालेली. तिरोड्याच्या एका राइस मिलच्या ऑफिसात कंप्युटरवर बसायला माणूस हवा होता. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे आमची गावजत्रा, आटोपली की सोमवारी परीक्षा. मराठीत टाइप करायचं आणि धानाच्या आवक-जावकेचा तक्ता करून दाखवायचा. रेणूला ती नोकरी मनापासून हवी होती. कंप्युटर मात्र तिने बँकेच्या काचेतूनच पाहिला होता.

मग तिने कुठलासा व्हिडिओ पाहून आपल्या फोनचाच कंप्युटर केला. वायरीने फोन टीव्हीला जोडला, त्यालाच कीबोर्ड आणि माउस लावला, आणि फोनमधलं सगळं टीव्हीवर मोठ्ठं दिसू लागलं. अडचण एकच, टीव्ही जमुनाबाईचा होता. त्या घरात शेतीचं सगळं उमेंद्र, म्हणजे रेणूचा नवरा ठरवतो, पण रिमोट त्याच्या आईकडे असतो.

"दोन मालिकांच्या मधात बस," जमुनाबाईने निकाल दिला. "मालिका लागली का वायर काढायची."

रेणू पेपरातली बातमी समोर ठेवून टाइप करायची. जमुनाबाई पाटावर बसून एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचायची. तिची शाळा लहानपणीच सुटलेली, पण एवढी मोठी अक्षरं पाहून तिला भलताच हुरूप आला. शेजारच्या बायकाही येऊन बसू लागल्या. उमेंद्रचा फोन आला की बातमी गायब व्हायची आणि लग्नाच्या फोटोतला, मुंडावळ्या बांधलेला उमेंद्र पडदाभर झळकायचा. बायका पदरात तोंड खुपसून हसायच्या. तो बिचारा बांधावरून फक्त डबा कधी येतो ते विचारत असायचा. हे सगळं मी खिडकीतून पाहिलेलं आहे.

दिवाळीनंतर गावाची मंडई भरली आणि घरोघरी पाहुणे आले. जमुनाबाईकडे पाय ठेवायला जागा नव्हती. मीही शेजारधर्म म्हणून चहाला गेलो.

"आमच्या रेणूनं टीव्हीचा कंप्युटर केला," ती प्रत्येकाला सांगत होती. "बस वं रेणू, दाखव."

रेणूने तक्ता उघडला. पाहुणे सरसावून बसले. तेवढ्यात पडद्यावर वरून एक पट्टी आली. आमगावहून तिच्या बहिणीचा, प्रेरणाचा मेसेज. फोनवर येतं ते टीव्हीवरही येतं, हे या घरात सगळ्यांना माहीत होतं. आमगावात कोणालाच नव्हतं. रेणूने घाबरून माउस दाबला, तर मेसेज जायच्या ऐवजी पडदाभर उघडला.

"थांबा, मले वाचू द्या," म्हणत जमुनाबाई ठसक्यात वाचू लागली. "सा-सू-च्या ता-व-डी-तून टी-व्ही सुट-ला का? का म्हा-ता-री अजून मा-लि-का पाहून र-डू-नच राहिली?"

वाचून झाल्यावर तिने कौतुकासाठी सगळ्यांकडे पाहिलं. जो तो आपल्या चहाच्या कपात पाहत होता. मग अर्थ तिच्या लक्षात आला.

रेणूचा चेहरा पार उतरला. परीक्षा हातची गेली, असंच तिला वाटलं असणार. खरं सांगतो, मलाही फार वाईट वाटलं. जमुनाबाईचा धाकटा भाऊ बिसराम म्हणाला, "बाई, काढ ती वायर. कायले सुनेले डोक्यावर बसवून राहिली?"

जमुनाबाईने रिमोट उचलला. आणि मांडीखाली सारला.

"तू चहा पी," ती भावाला म्हणाली. "रेणू, तुह्या बहिणीले लिही. टीव्ही सुटला नाही, म्या देला. सोमवारपर्यंत मालिका बंद. माझी सून पास नाही झाली, तं तुह्या घरी येऊन बसीन अन् तिथं रडीन."

पाहुणे हसले. रेणूने डोळे पुसले आणि लिहिलं. ती पाठवणार, तोच जमुनाबाई उठून पडद्याजवळ गेली आणि बोट ठेवून वाचू लागली. एका जागी बोट थांबलं.

"काऊन वं," ती म्हणाली, "नुसतं सून लिहिलं? मी माझी सून म्हटलं."