कुंपणालगतचा स्वॅम्प मेपल

ऑस्ट्रेलियात टूवूंबा शहराच्या कडेला आम्ही घर घेतलं, तेव्हा बॅकयार्डचा एक कोपरा कायम ओला असायचा. उतारावरचं सगळं पाणी तिथे येऊन थांबायचं. मी लिंबू लावलं, ते कुजलं. कढीपत्ता लावला, तोही गेला. शेवटी नर्सरीतल्या बाईने एक रोप दिलं. म्हणाली, "याला पाणी साचलेलं चालतं. स्वॅम्प मेपल." स्वॅम्प म्हणजे पाणथळ जमीन. नावावरच मी विश्वास ठेवला. पाच वर्षांत झाड कुंपणाच्या कितीतरी वर गेलं.

पलीकडे शेजारणीचं पॅडक, म्हणजे घोड्यासाठी राखलेलं कुरण होतं. ती सत्तरीची, एकटी, आणि सोबतीला एक म्हातारी घोडी. त्या वर्षी माझ्या सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. नवरा खाणीवर, दोन-दोन आठवडे बाहेर. मी दिवसभर लॅपटॉपसमोर. आईंना बोलायला कोणी नव्हतं, म्हणून त्या रोज सकाळी घोडीला गाजर द्यायच्या आणि तिच्याशी मराठीत बोलत बसायच्या. शेजारीण म्हणायची, "आता ती माझं इंग्लिश ऐकतच नाही."

मार्चमधल्या वादळात मेपलची एक मोठी फांदी मोडली. दोन दिवस ती तशीच पडून होती. मंगळवारी आईंनी तिच्या कोमेजलेल्या डहाळ्या तोडून घोडीला घातल्या. मी कॉलवर होते, खिडकीतून दिसलं. घोडी आवडीने खात होती. मी आईंना हात केला.

गुरुवारी सकाळी शेजारीण दारात आली. फोन हातात, स्पीकर चालू. पलीकडे जनावरांची डॉक्टर होती.

"घोडीला नीट उभं राहता येत नाहीये. तुमच्याकडून काही खाल्लं का तिने?" शेजारणीने विचारलं.

मी गाजरांचं सांगितलं, डहाळ्यांचंही सांगितलं.

"कसलं झाड?" फोनमधून प्रश्न आला. "रेड मेपल तर नाही ना?"

"नाही. स्वॅम्प मेपल आहे."

"नक्की?"

"नक्की. लेबल होतं त्याला."

"मग पोटदुखी असेल," डॉक्टर शेजारणीला म्हणाली. "तिला हळूहळू चालवत ठेव. इथे एक गाय विताना अडली आहे, तिला सोडवून मी येते."

दार लावून मी पुन्हा कामाला बसले, पण लक्ष लागेना. तो 'नक्की?' कानातून जाईना. तासाभराने मी झाडाचं नाव सर्च केलं. पहिल्याच ओळीत होतं: रेड मेपल, यालाच स्वॅम्प मेपल असंही म्हणतात. खाली घोड्यांबद्दल होतं. कोमेजलेली पानं सगळ्यात वाईट. रक्तातला प्राणवायूच कमी पडतो. जनावराला अजिबात चालवू नये.

"काय झालं गं?" आईंनी विचारलं.

मी धावत सुटले. चप्पलही घातली नाही. पॅडकमध्ये शेजारीण दोरी धरून घोडीला गोल फिरवत होती. घोडीची मान खाली गेली होती, पाय अडखळत होते.

"थांबव तिला!" मी कुंपणावरूनच ओरडले. "चालवू नकोस! रेड मेपलच आहे ते, नावं दोन आहेत. मी चुकीचं सांगितलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. दोरी सैल सोडली आणि डॉक्टरला फोन लावला.

डॉक्टर पाऊण तासात आली. तो पाऊण तास मी कुंपणाच्या या बाजूला उभी होते. आत जायचा धीर होत नव्हता आणि घरी परतायचाही. घोडीची लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होती. डॉक्टरने रक्त काढलं, तेही तपकिरी. "दुसऱ्या घोड्याचं रक्त द्यावं लागेल," ती म्हणाली. "तरीही खात्री देत नाही."

मागून आई आल्या. इंग्रजी त्यांना फारसं कळत नसे, पण ते रक्त त्यांनी पाहिलं होतं.

"माझ्या हातून झालं ना हे?"

"तुम्हाला कुठे माहीत होतं, आई," मी म्हणाले. फोनवर मी काय बोलले होते, ते मात्र सांगितलं नाही.

पुढचे चार दिवस आई धड जेवल्या नाहीत. रोज सकाळी मी कुंपणाशी जाऊन विचारायचे आणि शेजारीण एवढंच सांगायची, "अजून आहे." पाचव्या दिवशी घोडीने गवताला तोंड लावलं. ती वाचली.

झाड मी त्याच आठवड्यात कापून घेतलं. माणसं फांद्या घेऊन गेल्यावर आई आणि मी दोन दिवस ओल्या चिखलातून पानं वेचत होतो. कुंपणापलीकडे उडालेली पानं शेजारीण स्वतः गोळा करत होती. आम्ही तिघी जेमतेम दहा फुटांवर होतो. मग तिने कुंपणापासून दोन मीटर आत झटका देणारी पांढरी इलेक्ट्रिक पट्टी ताणली. घोडी आता कुंपणापर्यंत येऊ शकत नव्हती.

"तिचं बरोबर आहे," आई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

त्यांची फ्लाइट महिन्यावर आली होती. एका दुपारी चहा घेताना मी त्यांना सांगून टाकलं. डॉक्टरने नेमकं विचारलं होतं, मी ठामपणे नाही म्हटलं, आणि त्या नाहीमुळे घोडी उगाच तासभर चालवली गेली.

त्यांनी कप खाली ठेवला.

"महिनाभर मी एकटीच स्वतःला दोष देत होते गं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "त्याच दिवशी सांगायला हवं होतंस."