न दिलेला पास

कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची मी कॅप्टन होते. बाबा फौजेत हवालदार, आम्ही दिल्ली कँटच्या क्वार्टरमध्ये राहायचो. कोर्टाशेजारच्या भिंतीवर एक लाकडी फळा होता. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही दरवर्षी काय केलं ते त्यावर पिवळ्या रंगात लिहिलेलं असे. उपविजेते, उपांत्य फेरी, पुन्हा उपविजेते. 'विजेते' एकदाही नाही. तो शब्द माझ्या वर्षी यावा, एवढंच मला हवं होतं.

माझ्या शेवटच्या वर्षी रोहतककडची एक मुलगी पहिल्या वर्षाला आली. उंचीने माझ्याएवढीच, पण उडी मारली की खाली यायचं विसरल्यासारखी. महिन्याभरात आमच्या कोच मॅडमच्या तोंडी तिचंच कौतुक. ती मात्र "दीदी, दीदी" करत माझ्या मागे असायची. माझ्यासारखी वेणी घालायला लागली, तेव्हा तर मला तिच्याकडे बघवेना.

उपांत्य सामना बघायला बाबा आले होते. संध्याकाळी जेवताना आईला म्हणाले, "काय खेळते गं ती पोरगी! नुसतं वारं!"

"आणि आपली?" आईने विचारलं.

"आपली पण चांगली खेळली."

सगळ्यात जास्त गुण माझे होते. त्या 'पण'वर माझं जेवण संपलं.

अंतिम सामन्यात शेवटचे काही सेकंद उरले होते, आम्ही एका गुणाने मागे आणि चेंडू माझ्या हातात. दोघीजणी माझ्या अंगावर आल्या. ती बास्केटखाली एकटी उभी होती, हात वर करून. मला ती दिसली, अगदी स्वच्छ दिसली. मी पास दिला नाही. स्वतःच चेंडू मारला आणि तो रिंगला लागून बाहेर गेला.

मी ओक्साबोक्शी रडले. सगळ्या "नशीब" म्हणाल्या. तिने माझ्यासाठी पाणी आणलं.

पुढच्या वर्षी कॉलेज जिंकलं. तेव्हा मी गुरुग्रामला नोकरीला लागले होते. तिचा फोन आला, "दीदी, जीत गए! मिलने आओ ना!"

"बिल्कुल आऊंगी मिलने," मी म्हटलं आणि दोन महिने गेलेच नाही. शेवटी एका शनिवारी गेले. फळ्यावरचा नवा रंग चकाकत होता. मी तिला सांगून टाकलं, "उस दिन मैंने तुझे देखा था."

"पता है, दीदी."

"फिर किसी को बोली क्यों नहीं?"

तिने खांदे उडवले. "आप इतना रो रही थीं. क्या बोलती?"

मन हलकं होईल असं वाटलं होतं. उलट परतताना मेट्रोत तिचा आणखीच राग आला. खेळात तर ती पुढे होतीच, आता यातही.

हल्ली ती हरियाणाच्या संघात आहे. मी तिचे सामने ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये फोनवर बघते. तिचा नेम चुकला की अजूनही मला थोडं बरं वाटतं.