बाईंचं टर्मिनल
शहापूरच्या बाजारात, एका कापडदुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथं शिकवायचो. व्हायरसने मशीन वरचेवर बंद पडायला लागल्या तेव्हा मालकांनी वैतागून सगळीकडे व्हायरसला दाद न देणारं लिनक्स घालायला लावलं. पोरं पासवर्ड विसरतात म्हणून सगळ्यांना मिळून एकच लॉगिन ठेवलं आणि सगळ्या मशीन एका मुख्य कॉम्प्युटरला जोडल्या. एका ठिकाणी बदल केला की तो सगळ्यांच्या पडद्यावर दिसायचा.

कमांड टाइप करायची टर्मिनलची खिडकी मी हौसेनं सजवली होती. खिडकी पारदर्शक, मागे धबधब्याचं चित्र, वर पोपटी अक्षरं. कापडदुकानदारही ती बघून गेला होता.

एका सकाळी सापगावच्या शाळेत मला पहिलीला शिकवलेल्या बाई जिना चढून आल्या आणि विद्यार्थिनी म्हणून नाव घालून बसल्या. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या.

"घरी बसले की सुनेच्या चुका दिसतात," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा हे बरं."

मी मोठ्या ऐटीत टर्मिनल उघडून दाखवलं. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

"धबधब्यावर कुणी लिहितं का रे?"

"बाई, तशी फॅशन आहे."

"पूस तो."

मी पुसला. काळी पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं, आणि अक्षर एवढं मोठं की ओळीत जेमतेम चार शब्द मावायचे. "आता पाटी झाली," बाई म्हणाल्या.

मग त्यांना ती पाटी रोज हातानं उघडणं पसंत पडेना. लॉगिन केल्याबरोबर कोणते प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावेत हे ठरवायची सोय मी त्यांना दाखवली. खिडकी उघडताच एखादा मजकूर कसा दाखवायचा तेही शिकवलं. बाई हे इतक्या चटकन शिकल्या की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बॅचने मशीन चालू केल्या. प्रत्येक पडद्यावर काळी खिडकी उघडली आणि भल्यामोठ्या अक्षरांत विचारलं, "HAAT DHUTLE KA?" देवनागरी अक्षरं त्या खिडकीत फुटायची, वाचता यायची नाहीत, म्हणून बाईंनी इंग्रजी लिपी वापरली होती. पोरं मुकाट्यानं खाली नळावर जाऊन आली.

नंतर रोज नवा प्रश्न येऊ लागला. "KAAL KA NAHI AALAT?" असं आलं त्या दिवशी किन्हवलीची एक मुलगी घाबरून माझ्याकडे आली.

"सर, काल आमच्याकडची एसटीच आली नाय. पण याला कसं कळलं?"

मी बाईंना हे बंद करायला सांगणार होतो. पण कीबोर्ड स्वच्छ राहायला लागले होते, आणि पहिलीतल्या बाईंना नको म्हणायचं धाडस मला आयुष्यात कधी झालं नाही.

मग क्लासची मान्यता तपासायला एक अधिकारी आले. मालक सकाळपासून फक्त पाणी पीत होते. साहेबांनी स्वतः मशीन चालू केली, लॉगिन केलं. खिडकी उघडली: "NAKH KAPLI KA?"

साहेबांनी आधी मालकांकडे पाहिलं, मग हळूच स्वतःच्या नखांकडे. कोपऱ्यातून बाईंचा आवाज आला, "दाखवा."

आणि साहेबांनी खरोखरच दोन्ही हात पुढे केले. बाईंनी चष्म्यातून निरखलं आणि म्हणाल्या, "डाव्या करंगळीचं राहिलंय."

मालक माझ्या कानाशी लागले. "गेली रे आपली मान्यता."

गेली नाही. साहेब चहा पिऊन, करंगळी मुठीत झाकून, हसत उतरले. फक्त शेरा मारून गेले की प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र लॉगिन द्या.

दिलं. त्यानंतर बाईंचा प्रश्न फक्त बाईंनाच दिसू लागला. दोन दिवस त्यांनी तो वाचून खिडकी बंद केली.

"मीच मला काय विचारत बसू?" त्या तिसऱ्या दिवशी म्हणाल्या.

तिकडे पोरांचीही कुरकुर सुरू झाली होती. पडदा हल्ली काहीच बोलत नाही म्हणून त्यांना चुकल्यासारखं वाटत होतं. मालकांनी ती कुरकुर ऐकली आणि मे महिन्याच्या सुट्टीतली लहान मुलांची बॅच बाईंना शिकवायला दिली. बाईंनी विद्यार्थिनी म्हणून भरलेली फी परत मागितली नाही. त्याऐवजी मालकांकडून एक लाकडी खुर्ची करून घेतली, कारण फिरत्या खुर्चीवर बसलेल्या बाईंचं मुलं ऐकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.