ईटला राहिलेलं शेवटचं प्रकरण

भूमहून निघालेली एसटी ईटच्या अलीकडंच बंद पडली. उरलेली वाट चालत गेलो. दोन्हीकडं ज्वारी, मधूनच एखाद्या खव्याच्या भट्टीचा धूर. पिशवीत जुनी रहस्यकादंबरी होती. गावच्या वाचनालयाची, मी सत्तावीस वर्षांपूर्वी नेलेली.

तेव्हा कॉलेज संपवून मी इथं मामाकडं राहायचो. दुपारी बाया बियाण्याच्या शेंगा फोडायच्या आणि मी रोज एक प्रकरण मोठ्यानं वाचायचो. शेवटचं तेवढं राहिलं. पुण्यातल्या नोकरीचं बोलावणं आलंय म्हणून मी निघालो, पुस्तकासकट. तशी दुपार पुन्हा कुठंच मिळाली नाही.

शेजारच्या कमलआत्या आता ऐंशीच्या आहेत. आधी धपाटं (ज्वारीच्या पिठाची तिखट भाकरी) आणि दही पुढं केलं, मग हजेरी घेतली. या कादंबरीवरचे तिन्ही सिनेमे त्यांनी टीव्हीवर पाहिले होते. एकात खुनी डॉक्टर, दुसऱ्यात माळी, तिसऱ्यात भाऊ.

"नुसती पळापळ," त्या म्हणाल्या. "आपल्या पुस्तकातला हेर कसा बसून ऐकायचा."

मी त्यांच्या जावेची, गंगूकाकूंची चौकशी केली.

"गेली की. दोन सालं झाली. पुस्तक घेऊन पळाला त्योच खुनी, म्हनायची."

आत्या हसल्या. मला जमलं नाही. मग कुणालाच न सांगितलेलं सांगून टाकलं.

मी निघालो तेव्हा नोकरीला अजून आठ दिवस होते. गंगूकाकू खव्याच्या भट्टीवर कामाला. नवव्या प्रकरणातच म्हणाल्या होत्या, दूध उतू गेलं म्हणून उठले म्हणणारी गोष्टीतली सून खोटं बोलतीय. मग करपल्याचा वास कुणालाच कसा आला न्हाय? सगळ्यांदेखत मी त्यांना हसलो. घरी जाऊन शेवट वाचला, तर हेरानंही सुनेला त्यावरूनच धरलेलं. इतकी चोख कादंबरी मी दुसरी वाचली नाही. पण अक्षरओळख नसलेल्या बाईपुढं ते पान वाचायची माझी छाती झाली नाही. सिनेमावाल्यांनी दूधच गाळलं, म्हणून त्यांना नवे खुनी शोधावे लागले.

"वाच," आत्या म्हणाल्या.

मी वाचलं.

"दर शिनेमा संपला की म्हनायची, माझंच चुकलं असंल, आपुन अडानी. आता हे तिला कोन सांगावं?"

पुस्तक त्यांच्यापाशी ठेवून निघालो. परतीच्या गाडीत हात रिकामे होते. काकू चुकल्या नव्हत्या, हे त्यांच्या ओळखीत ज्या एकाला माहीत होतं, तो पुस्तक घेऊन पुण्यात बसला होता.