ल्हामोची मुदत

ल्हामोची आई परभणीत रस्त्याकडेला स्वेटर विकायची, ते मी पाहिलेले नाही. आमच्या विधी साहाय्य केंद्रातला प्रत्येक जण मात्र तिच्याकडूनच स्वेटर घेतल्याचे छातीठोक सांगतो. इतके स्वेटर खपले असते तर त्या माउलीने दुसऱ्याच हिवाळ्यात शोरूम थाटली असती! किस्से असेच फुगतात. म्हणून माझ्यासमोर घडले तेवढेच सांगते.

ल्हामो तिबेटी निर्वासितांची मुलगी. जन्म कर्नाटकातल्या वसाहतीत, बालपणीचे हिवाळे परभणीत. कायद्याची पदवी आहे, वकिलीची सनद नाही. सनदेसाठी नागरिकत्व लागते. तिची आई ज्या काळात भारतात जन्मली, त्यावरून मायलेकी जन्मतःच नागरिक ठरतात. कलम मी स्वतः तपासले आहे. सरकारने तिचा नागरिकत्वाचा अर्ज फेटाळलेला नाही. उत्तर दिलेले नाही, इतकेच. तोवर ती परदेशी, आणि राहण्याचा परवाना मुदतीआधी पोलिसांकडून वाढवून घ्यायचा.

*

ती आमच्या केंद्रात कामाला लागली, त्या पहिल्या दिवशी आमचे कारकून गायकवाडकाका तिच्यासमोर इंग्रजी जुळवत उभे होते. "मॅडम, यू... टी..."

"घेते की काका! साखर तेवढी कमी टाकायला सांगा."

काकांनी त्या दिवसापासून इंग्रजी सोडले.

*

एका नवरा-बायकोची तडजोड मुलीच्या भेटीवर अडली होती. नवरा कधी दिवाळी म्हणे, कधी उन्हाळा. ल्हामोने पुढ्यातली फाइल स्वेटरच्या घडीसारखी मिटली, उठली आणि म्हणाली, "शेवटचं बोला!"

"दर शनिवारी," नवरा बोलून गेला. मग दचकून वकिलाकडे पाहत राहिला.

*

चारठाणा गावातल्या आमच्या कायदा शिबिरात मदत मागायला आलेल्या केशरबाईंनी तिला विचारले, "बाई, गाव कोणतं तुमचं?"

ल्हामो पुढ्यातले कागद जुळवू लागली. मला वाटले, प्रश्न आवरता घ्यावा.

"ऱ्हाऊ द्या," केशरबाईच म्हणाल्या. "मला सासरनं हाकललं, म्हायेरानं घेतलं न्हाई. आपुन एकाच गावच्या."

*

त्याच केशरबाईंना नवऱ्याने गाठून पुन्हा मारले. त्यांना घेऊन आम्ही दोघी चारठाण्याच्या पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदाराने ल्हामोची कागदपत्रे मागितली, नीट पाहिली आणि केशरबाईंकडे पाठ फिरवली.

"मॅडम, तुमच्या परवान्याची मुदत आजच संपायलीय. आत्ता निघालात तरच परभणीचं ऑफिस गाठाल."

"तुम्ही थांबा, ताई, मी निघते," ल्हामोने मला सांगितले असते तर मी समजू शकले असते. ती खुर्ची ओढून बसली. "आधी यांची तक्रार लिहा."

मी तिच्या कानाशी गेले. "ल्हामो, मी थांबते इथे. तू नीघ."

"ताई, मी उठले की हे साहेब पण उठतील."

अंमलदार चिडला. "कायदा शिकलाव ना? मुदत हुकली तर देशाबाहेर काढतील तुमाला!"

"काढा. कुठं पाठवायचं तेवढं लिहा, साहेब."

त्याने पेन उचलले. बराच वेळ कागदावर टेकवून धरले. मग मान वर न करता म्हणाला, "केशरबाई, नवऱ्याचं पूर्ण नाव सांगा."

आम्ही परभणीला पोचलो तेव्हा ऑफिसला कुलूप होते.

तिला कुठे पाठवायचे ते अजून कुणी लिहिलेले नाही, आणि नागरिकत्वाच्या अर्जावर आजही उत्तर आलेले नाही.