हनुवटीखालचे हात

झुंबरमामांनी राखोलीच्या धाग्याच्या कारखान्यात अकरा वर्षं तुटलेली टोकं जोडली. यंत्रांच्या आवाजाने कान मंद झाले, बोटं मात्र शहाणी झाली. मग ते सिल्वासातल्या एका इस्पितळात ऑपरेशन थिएटरचे मदतनीस झाले, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. श्वासनळीत नळी घालताना जीभ उचलायला पाती लागतात. मामांनी त्यांची नावं आकारावरून ठेवली आहेत: वाकडी, सरळी, आणि टोकाला कॅमेरा असलेली ती टीव्हीवाली. भूल देणाऱ्या डॉक्टर नीलिमाही आता तीच नावं घेतात.

मंगळवारी पुतळाबाई आल्या. दोन वर्षांपूर्वी स्टोव्ह भडकून गळा भाजला, आणि जखम भरताना कातडी आवळत गेली. हनुवटी छातीला चिकटली. तेव्हापासून त्या उताण्या झोपल्या नव्हत्या. माणसं त्यांना पायांवरून ओळखू येत. कातडी सोडवायची तर भूल हवी, आणि आडवं करून भूल दिली तर श्वास कोंडून नळीला वाटच मिळणार नाही, ही भीती. एका ठिकाणाहून त्यांना परत पाठवलं होतं.

नीलिमांनी ठरवलं, बसवूनच करायचं, जागेपणी. घसा औषधाच्या वाफेने बधिर करायचा, समोर उभं राहून टीव्हीवाली घालायची, आणि मागून मामांनी जबडा अलगद पुढे उचलायचा. पण बाईंनी तोंड उघडून साथ द्यायला हवी.

वाफ घेता घेता पुतळाबाईंनी विचारलं, "भाऊ, कोनता गावना तुम्ही?"

"चिमठाण्याचा!" मामा फुलून म्हणाले. "तुमच्या कागदावर गाव वाचलं. नवऱ्याचं नाव समाधान ना? भावकीतलाच. माझ्याहून धाकटा."

चूक तिथेच झाली. म्हणजे हे जेठ, नात्याने थोरले दीर. पुतळाबाईंनी हिरवी चादर डोक्यावरून ओढली. जेठासमोर तोंड उघडायचं? त्याचा हात लागू द्यायचा?

"बाई, औषधाचा असर उतरेल," नीलिमा म्हणाल्या. चादर हलेना. "दुसऱ्या कुणाला बोलावू?"

मामांना कळलं. आपल्याच गावाच्या अभिमानापायी ही बाई पुन्हा परत जाणार होती. ते तिच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले.

"तुझं माहेर कुठलं?"

"दोंडाईचा." चादरीतून आवाज आला.

"माझ्या आईचंही. मामाच्या घरीच वाढलो मी. मग बहीणच की माझी! चिमठाण्याचं नातं बाहेर चपलांपाशी ठेव. जाताना घालून जा."

"मामा, थिएटरात सोयरीक जुळवताय का?"

"जुळली मॅडम."

चादरीखाली हसू आलं. मग चादर हळूच खाली सरकली.

मामांनी जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांमागे बोटं ठेवली. ताणलेल्या कातडीत किती वाव आहे हे त्यांनी धाग्यासारखं जोखलं आणि तेवढंच उचललं. नीलिमा समोर वाकल्या.

"दादा," तोंड उघडण्याआधी पुतळाबाई पुटपुटल्या, "सोडू नका."

"नाही सोडत, बाय."

पडद्यावर आधी नुसती गुलाबी भिंत दिसली. मामांनी बोटं केसभर पुढे नेली. भिंत बाजूला झाली, श्वासनळीच्या तोंडाच्या दोन पांढऱ्या कडा उघडल्या, मिटल्या. पुन्हा उघडल्या तेव्हा नळी आत गेली. पुतळाबाईंना खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं. नळीत श्वासाची वाफ दिसल्यावर नीलिमांनी झोपेचं औषध दिलं. मामांचे हात मान पूर्ण सैल होईपर्यंत तिथेच होते.

नवव्या दिवशी मामा वॉर्डात गेले. पुतळाबाई उताण्या पडून छताकडे बघत होत्या.

"दादा, पंखा केवढा धुळकट शे!"

शेजारी बसलेला समाधान दचकला. "अगं, जेठ लागतात ते. पदर घे."

पुतळाबाईंनी हनुवटी उचलून सरळ मामांच्या तोंडाकडे पाहिलं.

"चिमठाण्याला गेल्यावर घेईन," त्या म्हणाल्या. "इथे हाऊ मना माहेरना शे."